कोजागरीच्या संध्याकाळी डोक्यावर झालेला गॅमा किरण स्फोट आणि आरसा नसलेली दुर्बीण

करवीर नभांगण (धागाकर्ता)

गेल्या हिवाळ्यात पन्हाळ्यावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम झाला. बोलण्याच्या ओघात मी गॅमा किरणांच्या, म्हणजे सर्वांत जास्त ऊर्जेच्या प्रकाशाच्या, दुर्बिणीचा उल्लेख केला आणि तिला आरसाही नसतो व भिंगही नसते असे सांगितले, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग तिला दुर्बीण तरी का म्हणायचे?" त्या थंडीत मी दोन वाक्यांत वेळ मारून नेली, परंतु उत्तर अर्धवट राहिल्याची रुखरुख गेली नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

आधी आपल्या गावाशी जोडलेली एक गोष्ट सांगतो. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी रविवार होता आणि कोजागरी होती. सूर्य मावळून अर्धा तास उलटला होता आणि घड्याळात संध्याकाळचे ६ वाजून ४७ मिनिटे होत होती. त्या क्षणी पृथ्वीवर गॅमा किरणांची एक लाट येऊन आदळली. तिचा उगम सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वीचा होता आणि नोंदी ठेवायला सुरुवात झाल्यापासून इतका तेजस्वी गॅमा किरण स्फोट, म्हणजे दूरच्या अवकाशात अचानक उडणारा गॅमा किरणांचा भडका, दुसरा आढळलेला नाही. त्याचे नाव जीआरबी २२१००९ए. आकड्यांत वर्ष, महिना आणि दिवस आहेत. त्याचे आकाशातले स्थान शर तारकासमूहात, म्हणजे श्रवण आणि अभिजित या दोन ठळक ताऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात होते. मी कोल्हापूरचे अक्षांश-रेखांश घेऊन गणित मांडले, तेव्हा त्या मिनिटाला हा बिंदू आपल्या खस्वस्तिकापासून जेमतेम चार-पाच अंशांवर येतो असे दिसले. गच्चीवर दुधाचे पातेले मांडणाऱ्या माणसाने मान सरळ वर केली असती, तर तो नेमका त्या दिशेने पाहत असता. दिसले मात्र काहीच नसते, कारण गॅमा किरण वातावरणाच्या वरच्या थरांतच संपून जातात.

म्हणून ते पकडायचे तर उपकरण वातावरणाच्या वर न्यावे लागते. 'फर्मी' ही अवकाश दुर्बीण ११ जून २००८ रोजी सोडण्यात आली. तिची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे २५.६ अंशांचा कोन करते आणि आपण १६.७ उत्तर अक्षांशावर आहोत, त्यामुळे तिच्या फेऱ्या आपल्या डोक्यावरूनही होतात. तिच्यावर दोन उपकरणे आहेत. एक स्फोटाची वर्दी देणारे, म्हणजे जीबीएम, आणि दुसरे उच्च ऊर्जेचे फोटॉन (प्रकाशाचे कण) पकडणारे, म्हणजे लॅट. त्या मुलीचा प्रश्न खरे तर लॅटबद्दलचा आहे.

दृश्य प्रकाश आरशावरून परावर्तित होतो. क्ष-किरणसुद्धा अगदी तिरके आले तर धातूच्या गुळगुळीत पृष्ठावरून घसरतात. परंतु अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जेचा फोटॉन कोणत्याही आरशाला दाद देत नाही, तो आरपार जातो किंवा नष्ट होतो. लॅटची सारी रचना त्याच्या नष्ट होण्यावर उभी आहे. जड अणूच्या केंद्रकाजवळून जाताना असा फोटॉन नाहीसा होतो आणि त्याच्या जागी एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच धनभारित जोडीदार) जन्माला येतात. या जोडीला विद्युतभार असतो, त्यामुळे ती जिथून जाते तिथे खूण ठेवून जाते. लॅटमध्ये चार गुणिले चार असे १६ मनोरे आहेत. प्रत्येक मनोऱ्यात सिलिकॉनच्या बारीक पट्ट्यांचे १८ थर एकावर एक रचलेले असून त्यांतल्या वरच्या १६ थरांसोबत टंगस्टनचे पत्रे आहेत. टंगस्टनमध्ये फोटॉनची जोडी होते आणि सिलिकॉनमध्ये तिच्या वाटा उमटतात. मग त्या वाटा मागे वाढवत नेल्या की फोटॉन आकाशात कुठून आला ते कळते. खाली सिझियम आयोडाइडच्या १५३६ स्फटिकांचा थर आहे, त्यात ही जोडी विझते आणि विझताना जो प्रकाश पडतो त्यावरून मूळ ऊर्जा मोजली जाते.

येथे एक ओढाताण आहे. पत्रा जाड केला तर फोटॉनची जोडी होण्याची शक्यता वाढते, पण त्याच जाडीत ती जोडी इकडेतिकडे वळते आणि दिशा बिघडते. म्हणून वरचे १२ पत्रे जेमतेम ०.१ मिलिमीटरचे आणि त्यांखालचे ४ साधारण ०.७ मिलिमीटरचे ठेवले आहेत. दिशा नेमकी हवी की फोटॉन जास्त हवेत, याची ही तडजोड मला त्या यंत्रातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

ओतकाम शिरोली

सर, लेख आवडला, पण एका वाक्यावर अडलो. मी फाउंड्रीत गुणवत्ता तपासणीचे काम करतो. जाड कास्टिंगच्या पोटात पोकळी राहिली आहे की काय हे पाहण्यासाठी आम्ही कोबाल्ट-६० हा गॅमा किरण सोडणारा किरणोत्सारी पदार्थ लावून रेडिओग्राफी करून घेतो. पाच-सहा इंच पोलाद ओलांडून ते किरण पलीकडच्या फिल्मवर चित्र उमटवतात हे मी कित्येकदा पाहिले आहे. त्या वेळी आसपासचा सगळा भाग दोर लावून मोकळा करावा लागतो आणि प्रत्येकाच्या खिशावर किरणांची मात्रा नोंदणारा बॅज असतो, तो उगाच नाही. मग जे किरण पोलादाला जुमानत नाहीत ते हवेला कसे अडतात? शिवाय आपण ज्यांबद्दल बोलत आहात त्यांची ऊर्जा तर कोबाल्टपेक्षा कितीतरी जास्त आहे.

करवीर नभांगण

दादा, वर्गात असा प्रश्न आला असता तर तो तास मी त्यालाच दिला असता.

हवा विरळ आहे, पण ती खूप आहे. आपल्या डोक्यावरच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हवेचे सुमारे एक किलो वजन उभे आहे. तेवढ्याच वजनाचे लोखंड रचले तर त्याची जाडी साधारण १.३ मीटर भरेल. कोबाल्टचे किरण १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे असतात आणि पोलादाच्या दर सव्वादोन सेंटिमीटरांना त्यांची तीव्रता ढोबळमानाने निम्मी होते. आपले कास्टिंग पाच इंचांचे असेल तर ती पाच-सहा वेळा निम्मी होईल, म्हणजे फिल्मला पुरेसे किरण उरतात. १.३ मीटरात मात्र सुमारे ६० वेळा निम्मी होईल. बुद्धिबळाच्या पटावर तांदूळ मांडण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे, ती येथे उलटी लावून पाहावी.

ऊर्जा वाढली की किरण सुटतील असे वाटते, पण तसेही होत नाही. कोबाल्टचा फोटॉन मुख्यतः इलेक्ट्रॉनांवर आपटून शक्ती गमावतो. अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचा फोटॉन जोडी निर्माण करतो, ती जोडी नवे फोटॉन फेकते, त्यांच्या पुन्हा जोड्या होतात आणि हवेत कणांचा फवारा उडतो. वातावरणाची जाडी अशा फवाऱ्याला विझवण्यास पुरून उरते. ऊर्जा फारच मोठी असेल तर तो फवारा हवेत निळसर प्रकाशाची एक अतिक्षणिक चमक सोडतो किंवा डोंगरमाथ्यापर्यंत कण पोहोचवतो. लडाखमधल्या हानले येथील २१ मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण ती चमक पाहण्यासाठीच ४ हजार ३०० मीटर उंचीवर उभारली आहे. पण अशा दुर्बिणीला अंधार लागतो, निरभ्र आकाश लागते आणि तिच्या दृष्टीचा घेर लहान असतो. स्फोट तर न सांगता येतो.

जुना वाडा शिवाजी पेठ

न सांगता येतो हे मान्य. मग तो कोणत्या बाजूने आला हे वर्दी देणाऱ्या उपकरणाला कसे कळते? लॅटचे मनोरे आणि वाटा समजल्या, पण जीबीएमबद्दल आपण एका वाक्यात उरकले आहे.

भौतिकी द्वितीय वर्ष (सागरमाळ)

याचे उत्तर मी देऊ का, सर? मी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करते आणि हा भाग नुकताच वाचला आहे.

काका, आपल्याकडे जुलैत पाऊस तिरका लागतो. झड सरल्यावर वाड्याच्या भिंती पाहिल्या तर पश्चिमेची भिंत चिंब असते, दक्षिणेची थोडी ओली आणि पूर्वेची कोरडी. पाऊस पाहिला नसला तरी भिंतींवरून त्याची दिशा सांगता येते. जीबीएम तेच करते. त्यात सोडियम आयोडाइडच्या १२ चकत्या वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवल्या आहेत. स्फोट झाला की समोरच्या चकतीत सर्वांत जास्त फोटॉन मोजले जातात, तिरक्या चकत्यांत कमी आणि पाठमोऱ्यांत अगदी थोडे. या प्रमाणांवरून दिशा काढतात. ती काही अंशांनी चुकू शकते, म्हणून पहिल्या काही सेकंदांत केवळ एक अंदाज मिळतो. याशिवाय बिस्मथ जर्मनेटचे दोन मोठे स्फटिक आहेत, ते ४ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत मोजतात. त्यापुढचा प्रांत लॅटचा.

आणखी एक जुनी पद्धत आहे, ती वेळेची. अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी अमेरिकेने 'वेला' नावाचे उपग्रह एकमेकांपासून खूप दूर ठेवले होते. त्यांनी २ जुलै १९६७ रोजी पहिला गॅमा किरण स्फोट टिपला. पुढे निरनिराळ्या उपग्रहांवर सेकंदाच्या अंशाच्या फरकाने येणाऱ्या नोंदी जुळवल्या तेव्हा हे किरण पृथ्वीवरून किंवा सूर्यावरून येत नाहीत हे सिद्ध झाले आणि १९७३ मध्ये १६ स्फोटांची माहिती प्रसिद्ध झाली. बॉम्ब शोधायला गेले आणि हे हाती लागले.

पंचगंगा घाट

सर्व वाचले. आता थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. १६ मनोरे, दीड हजार स्फटिक, जवळजवळ २८०० किलोचे उपकरण, आणि त्याला किती स्फोट सापडतात? मोजकेच असतील तर एवढा खटाटोप परवडतो का? दुसरे असे की अवकाशात सर्व बाजूंनी कणांचा मारा चालू असतो असे ऐकतो. मग जे सापडले ते स्फोटाचेच, हे कशावरून?

करवीर नभांगण

अण्णा, राग कशाचा? आपला दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

लॅटमध्ये दर सेकंदाला काही हजार घटना नोंदल्या जातात, त्यांतल्या काहीशेच जमिनीवर पाठवल्या जातात आणि त्यांतले खरे गॅमा फोटॉन दोन-चार निघतात. बाकी सगळे विश्वकिरणांचे, म्हणजे अवकाशातून सतत येणाऱ्या माऱ्यातले, भारित कण असतात. त्यांना ओळखण्यासाठी मनोऱ्यांवर प्लॅस्टिकच्या फरशांचे कवच आहे. भारित कण आत शिरताना त्या फरशीत प्रकाश पडतो, गॅमा फोटॉन मात्र गुपचूप निघून जातो. म्हणून फरशी चमकली तर घटना टाकून द्यायची, आणि फरशी शांत राहून आत मध्येच जोडी प्रकट झाली तर ती ठेवायची. कुस्तीच्या मैदानात दारावर तिकीट दाखवणारे सगळे परत पाठवायचे आणि दारातून न येता आखाड्यात उभा दिसेल तोच आपला, असा हा उलटा न्याय आहे.

यातही एक खोच आहे. १९९१ ते २००० या काळात 'कॉम्प्टन' वेधशाळेवर 'एग्रेट' नावाचे उपकरण होते, त्याचे कवच अखंड घुमटासारखे होते. ऊर्जा फार मोठी असली की खालच्या स्फटिकातून काही कण उलटे वर उडत, घुमट चमके, आणि यंत्र त्या खऱ्या फोटॉनलाच परका समजून टाकून देई. म्हणजे ज्यांची सर्वांत जास्त वाट पाहायची तेच हकनाक बाद होत. हा धडा घेऊन लॅटचे कवच ८९ तुकड्यांचे केले. आता फोटॉन ज्या फरशीतून आला तेवढीच विचारात घेतात, लांबच्या फरशीवर उडालेल्या शिंतोड्याकडे दुर्लक्ष करतात.

आता पहिला प्रश्न. पहिल्या १० वर्षांत जीबीएमने २३५७ स्फोट नोंदले आणि लॅटला त्याच काळात १८६ सापडले. संख्या थोडी आहे, हे मान्यच केले पाहिजे. उच्च ऊर्जेचे फोटॉन मुळात विरळ असतात. लाखो कमी ऊर्जेचे फोटॉन येतात तेव्हा कुठे अब्जांच्या घरातले मूठभर मिळतात. पण एकाच फोटॉनने काय सांगता येते ते पाहावे. १० मे २००९ च्या स्फोटातून ३१ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचा एक फोटॉन स्फोट सुरू झाल्यावर एका सेकंदाच्या आत पोहोचला. तो आणि त्याचे कमी ऊर्जेचे सोबती ७०० कोटींहून अधिक वर्षे एकत्र धावत होते. प्रकाशाचा वेग ऊर्जेप्रमाणे थोडासा जरी बदलत असता तर इतक्या लांबच्या शर्यतीत तो फरक ठळक दिसला असता. अवकाशाच्या सूक्ष्म पोताबद्दलच्या काही कल्पनांना या एका नोंदीने आवर घातला. कोणत्याही प्रयोगशाळेत इतकी लांब धावपट्टी मिळणार नाही.

भौतिकी द्वितीय वर्ष (सागरमाळ)

सरांनी एक गोष्ट सांगितली नाही ती मी जोडते, कारण मला तीच सर्वांत विलक्षण वाटते. हे बडे फोटॉन उशिरा येतात आणि उशिरापर्यंत येत राहतात. १७ फेब्रुवारी १९९४ च्या स्फोटात मुख्य झगमगाट संपून सुमारे सव्वा तास झाल्यावर एग्रेटला १८ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचा फोटॉन मिळाला होता आणि मधला बराच वेळ पृथ्वीच आड आली होती. तेव्हा तो अपवाद वाटला. लॅटने दाखवले की हीच रीत आहे. २७ एप्रिल २०१३ च्या स्फोटातले उच्च ऊर्जेचे किरण सुमारे २० तास दिसत राहिले आणि त्यांत ९५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचाही एक होता.

यावरून असे मानतात की पहिला झगमगाट स्फोटातून प्रचंड वेगाने सुटणाऱ्या द्रव्याच्या झोताच्या आतला असतो, तर मागाहून येणारे उच्च ऊर्जेचे किरण बहुतांशी तो झोत बाहेरच्या वायूवर आदळल्यामुळे निर्माण होतात. म्हणून चकती विझली की दुकान बंद करून चालत नाही, दिशा धरून बसावे लागते.

झोताबद्दल अजून थोडे. सूर्य रोज मावळतो, पण त्याचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात अंबाबाईच्या चरणांपर्यंत नोव्हेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारीतले मोजके दिवसच पोहोचतात, कारण सूर्य, महाद्वार आणि मूर्ती एका रेषेत याव्या लागतात. गॅमा किरण स्फोटाचेही तसेच आहे. झोत अरुंद असतो, तो आपल्याकडे रोखलेला असेल तरच आपल्याला किरणोत्सव दिसतो. जे दुसरीकडे रोखलेले असतात ते कितीतरी पट अधिक असले पाहिजेत.

ओतकाम शिरोली

सर, २०२२ च्या त्या स्फोटाकडे परत यावे अशी विनंती आहे. इतका तेजस्वी होता तर उपकरणांचे काय झाले? आमच्याकडे एक्स्पोजर जास्त झाले की फिल्म काळीठिक्कर पडते आणि पोकळी असली तरी दिसत नाही. पुन्हा काढावी लागते. येथे पुन्हा काढता येणार नाही.

करवीर नभांगण

नेमके तसेच झाले. जीबीएमच्या चकत्या शिखराच्या वेळी तुंबल्या, एक फोटॉन मोजून होईपर्यंत दुसरा येऊन थडकत होता, म्हणून खरे शिखर मागाहून सुधारणा करून काढावे लागले. लॅटचीही पंचाईत झाली. क्ष-किरणांचा व कमी ऊर्जेच्या गॅमा किरणांचा लोंढाच इतका होता की कवचाच्या फरशा त्यानेच चमकू लागल्या, आणि त्या मधल्या काही सेकंदांच्या नोंदी नेहमीप्रमाणे वापरता येत नाहीत. इतर उपग्रहांनी ही उणीव थोडीफार भरून काढली.

गॅमा किरण स्फोट शोधणाऱ्या 'स्विफ्ट' या दुसऱ्या अवकाश दुर्बिणीची तर गंमत झाली. स्फोट झाला त्या वेळी तिच्या आणि स्फोटाच्या मध्ये पृथ्वी होती. सुमारे ५३ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे ७ वाजून ४० मिनिटांनी, तिला तो भाग दिसला आणि तोपर्यंत ओसरलेला उजेडही एवढा होता की तिने नवा स्रोत सापडल्याची वर्दी दिली. दिशा आकाशगंगेच्या पट्ट्याजवळची, म्हणून आरंभी तो आपल्याच दीर्घिकेतला असावा असे वाटले आणि त्याला तसेच नावही मिळाले. फर्मीची नोंद जुळवल्यावर उलगडा झाला.

जमिनीवरही त्याने हजेरी लावली. चीनमधल्या सिचुआन प्रांतात ४४१० मीटर उंचीवर 'लासो' ही वेधशाळा आहे, तिने या एका स्फोटाचे ६४ हजारांहून अधिक फोटॉन हवेतल्या फवाऱ्यांवरून मोजले आणि त्यांतल्या काहींची ऊर्जा १० हजार अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे होती. वातावरणाच्या वरच्या, आयनांच्या थरात त्या संध्याकाळी खळबळ झाली, हे रेडिओ लहरींवरून टिपले गेले. आपल्या विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने बसवलेले रडार साधारण ६० ते १०० किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांसाठी आहे. तोच हा थर.

जुना वाडा शिवाजी पेठ

आपल्या देशाचा यात काही वाटा आहे का?

भौतिकी द्वितीय वर्ष (सागरमाळ)

आहे, काका. 'ॲस्ट्रोसॅट' हा भारताचा खगोल उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी गेला. त्यावरचे सीझेडटीआय उपकरण ६ ऑक्टोबरला सुरू केले आणि त्याच दिवशी त्याला पहिला स्फोट मिळाला. त्यात ६४ तुकडे आणि प्रत्येकात २५६ ठिपके आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा त्यात मोठा सहभाग आहे. मात्र ते लॅटच्या ऊर्जेपर्यंत जात नाही, ते कमी ऊर्जेच्या बाजूचे आहे. त्याची खासियत वेगळी. एका ठिपक्यावर आपटून फोटॉन शेजारच्या कोणत्या ठिपक्यात विखुरतो ते पाहून किरणांचे ध्रुवण, म्हणजे त्यांच्या लहरी कोणत्या दिशेत कंप पावतात ते, मोजता येते, आणि ते फार थोड्या उपकरणांना जमते. आतापर्यंत त्याने ६०० हून अधिक स्फोट टिपले आहेत. पुढे 'दक्ष' नावाच्या दोन उपग्रहांचा प्रस्ताव आहे, पृथ्वीच्या दोन बाजूंना एकेक ठेवायचा, म्हणजे स्विफ्टसारखी पृथ्वी आड येण्याची अडचण राहणार नाही.

पंचगंगा घाट

माझा विरोध मागे घेतो असे नाही, पण कवचाच्या तुकड्यांची गोष्ट पटली. मात्र मुलीच्या प्रश्नाचे उत्तर अजून बाकी आहे, सर. दुर्बीण का म्हणायचे?

करवीर नभांगण

मी तिला असे सांगेन की दूरची वस्तू कुठे आहे, किती तेजस्वी आहे आणि तिचा प्रकाश कोणत्या ऊर्जेचा आहे, या तीन गोष्टी जे सांगते ते दुर्बीण. आरसा हा त्यातला एक मार्ग आहे. लॅट या तिन्ही सांगते, शिवाय एका वेळी आकाशाचा पाचवा हिस्सा पाहते आणि दर तीन तासांत सगळे आकाश नजरेखालून घालते. तिचे चित्र धूसर असते, हे मात्र लपवू नये. १० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टला दिशा काही अंशांनी हुकते, १० अब्जांपुढे ती अंशाच्या दहाव्या भागाजवळ येते.

येत्या ९ ऑक्टोबरला पुन्हा पन्हाळ्यावर जमावे असा विचार आहे. दर वर्षी त्या तारखेला पावणेसातला तोच बिंदू डोक्यावर येतो. श्रवण आणि अभिजित दाखवून मधली जागा बोटाने दाखवता येईल. ढगांचा भरवसा देता येत नाही.

ओतकाम शिरोली

मी येतो. टिग वेल्डिंगची सुई टंगस्टनची असते, झिजलेल्या चार-पाच सुया घेऊन येईन. मुलांना हातात धरून वजन पाहू दे. बारीक असूनही हाताला जाणवते. एखादी जुनी रेडिओग्राफही आणतो, त्यात पोकळी स्पष्ट दिसते. पाहायला मागून उजेड लागतो, तेवढी बॅटरी कोणीतरी आणावी.

भौतिकी द्वितीय वर्ष (सागरमाळ)

बॅटरी माझ्याकडे आहे. मसाला दूध कोण आणणार ते पंचगंगा अण्णांनी ठरवावे.